रहिवासी आणि वाणिज्य विभागांच्या हद्दीवरील सुरक्षा कुंपण : हरकत कोणत्या मुद्द्यांवर घ्यावी?

प्रश्न – हद्दीलगत

आमची घरांची ओळ रहिवासी विभागाच्या अगदी कडेला आहे आणि मागच्या हद्दीपासून वाणिज्य विभाग सुरू होतो. पलीकडे मालवाहू वाहने उभी करण्याचा आणि माल साठवण्याचा तळ आहे. आजवर दोन्हींच्या मध्ये साधारण १.८ मीटर उंचीची चेनलिंक जाळी होती. तिच्यावर वेली चढल्या होत्या आणि तिच्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. अलीकडे तळावर एकापाठोपाठ चोऱ्या झाल्या. वाहनांच्या बॅटऱ्या, टाक्यांतले डिझेल आणि तांब्याच्या केबल गेल्या. त्यानंतर तळाच्या व्यवस्थापनाने नियोजन प्राधिकरणाकडे नवीन कुंपणासाठी अर्ज केला आहे. अर्जानुसार आमच्या बाजूच्या संपूर्ण हद्दीवर ३ मीटर उंचीचा सलग पत्रा, पत्र्याच्या माथ्यावर ब्लेडच्या तारेची वेटोळी आणि आतल्या अंगाला झटका मशीनवर (तारांत थांबून थांबून विजेचे छोटे झटके सोडणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या तारा असे तिहेरी कुंपण उभे राहणार आहे. रहिवासी विभागाला लागून असलेल्या हद्दीवर २ मीटरपेक्षा उंच कुंपण आणि ब्लेडची तार या दोन्हींना येथे लागू असलेल्या नियमावलीत मनाई आहे, म्हणून त्यांनी नियमात शिथिलता मागितली आहे. लगतच्या घरांना हरकती व सूचना मांडण्याची नोटीस मिळाली असून सुनावणी लवकरच आहे.

मला दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडायच्या आहेत. चोऱ्या खऱ्या आहेत आणि त्यांतल्या एका प्रसंगी रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला मारहाणही झाली, त्यामुळे तळाची भीती अवाजवी आहे असे आमच्यापैकी कोणीही म्हणत नाही. काही शेजाऱ्यांना तर हे कुंपण हवेच आहे, कारण चोर आमच्या मागच्या अंगणांतून तिकडे जातात असा त्यांचा समज आहे. ज्यांच्या खिडक्या त्या बाजूला उघडतात त्यांना मात्र घराच्या मागे तुरुंगाची भिंत उभी राहणार असे वाटते. मुले हद्दीलगत खेळतात, त्यामुळे विजेच्या तारांची धास्ती सगळ्यांनाच आहे.

माझे प्रश्न असे आहेत. चोरीची भीती एवढ्या एका कारणावर नियमातून सूट मिळू शकते का? झटका मशीनचे कुंपण घरांच्या इतक्या जवळ सुरक्षित असते का? आणि केवळ नकार न देता प्राधिकरणापुढे एखादा पर्याय ठेवायचा झाला, तर तो तळाच्याही उपयोगाचा ठरेल असा कोणता पर्याय असू शकतो?

प्रतिसाद – आराखडा

मी नियोजन कार्यालयात हद्दी, सामासिक अंतरे (हद्द आणि बांधकाम यांमध्ये सोडायची मोकळी जागा) आणि कुंपणे यांची प्रकरणे बराच काळ हाताळली आहेत, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते सविस्तर लिहितो.

जमिनीचे वापरानुसार विभाग पाडण्यामागे परस्परांना त्रासदायक ठरणारे वापर एकमेकांपासून दूर ठेवणे हा मोठा हेतू होता. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये संपूर्ण शहराला लागू होणारी अशी नियमावली केली आणि १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड या गावाच्या प्रकरणात अशा विभागणीला घटनात्मक मान्यता दिली. विभागांच्या आतल्या भागात ही पद्धत बऱ्यापैकी चालते. दोन विभाग ज्या रेषेवर भेटतात तेथे मात्र एका बाजूचा साधा, कायदेशीर वापरही दुसऱ्या बाजूला जाचक होऊ शकतो, आणि म्हणूनच बहुतेक नियमावल्यांत या रेषेलगतच्या कुंपणाची उंची, सामासिक अंतर आणि झाडांचा पट्टा यांसाठी वेगळी, अधिक कडक तरतूद असते. तुमच्याकडची २ मीटरची मर्यादा ही त्यांपैकीच दिसते. ती सहज शिथिल करण्यासाठी लिहिलेली नसते, हे तुमच्या निवेदनात सुरुवातीलाच यायला हवे.

आता शिथिलतेच्या कसोटीकडे वळू. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने १९२० च्या दशकात राज्यांसाठी तयार केलेल्या नमुना कायद्यात असे म्हटले होते की, विशिष्ट परिस्थितीमुळे नियम शब्दशः लावल्यास अनावश्यक अडचण निर्माण होत असेल, सूट दिल्याने सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल आणि नियमाचा आशय शाबूत राहत असेल, तरच सूट द्यावी. शब्द बदलतात, परंतु निरनिराळ्या देशांतील नियोजन कायद्यांत याच धर्तीच्या कसोट्या आढळतात. या कसोटीतला सर्वांत महत्त्वाचा भाग असा की, अडचण त्या जमिनीची असावी लागते. भूखंडाचा आकार विचित्र आहे, एका बाजूला तीव्र उतार आहे, शेजारी ओढा आहे, अशा कारणांनी नियम पाळणे त्या एका भूखंडाला इतरांपेक्षा जड जात असेल तर सूट योग्य ठरते. माल मौल्यवान आहे आणि चोर येतात ही अडचण व्यवसायाची आहे. ती उद्या दुसऱ्या भूखंडावरही तशीच राहील. म्हणून केवळ चोरी हे कारण पुरेसे नसते, परंतु ते निरर्थकही नसते. या भूखंडाची मागची बाजू पूर्ण निर्जन आहे किंवा जमिनीच्या उतारामुळे बाहेरून कुंपणावर चढणे फारच सोपे झाले आहे, असे अर्जदाराने दाखवून दिले तर चोरीचा संबंध जमिनीच्या परिस्थितीशी जुळतो. तसे त्यांनी दाखवले आहे का, हे पाहण्यासाठी अर्जाची संपूर्ण प्रत, नकाशे आणि जोडपत्रे मागवून घ्या. चोर नेमके कोठून आत आले याची नोंद त्यांत नसेल, तर तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे.

दुसरी गोष्ट, शिथिलता मिळाली तरी ती गरजेपुरती किमान असावी असा दंडक असतो. ३ मीटर मागितले म्हणून ३ मीटर मिळतात असे नाही. प्राधिकरण २.४ मीटर मंजूर करू शकते, फक्त ठरावीक लांबीपुरती उंची वाढवू देऊ शकते, ब्लेडची तार नाकारून बाकीचे मान्य करू शकते. त्यामुळे निवेदन संपूर्ण विरोधाचे न ठेवता प्रत्येक घटकाबद्दल वेगळे लिहावे.

तिसरी गोष्ट अनेक जण विसरतात. कुंपणाची उंची कोठून मोजायची हे नियमावलीत पाहा. मूळ जमिनीपासून, भरावानंतरच्या पातळीपासून, की दोन्ही बाजूंपैकी खालच्या बाजूपासून? माथ्यावरची वेटोळी उंचीत धरतात की नाही? हे दोन तपशील ठरले की बरेचसे वाद आपोआप लहान होतात. हद्दीची अधिकृत मोजणी झाली नसेल तर तीही आधी मागा, कारण जुने कुंपण हद्दीवरच असते असे गृहीत धरता येत नाही. याशिवाय खरेदीखतात कुंपणाबद्दल किंवा मोकळ्या पट्ट्याबद्दल एखादे बंधन लिहिलेले असेल तर ते नियमावलीपेक्षा वेगळे, स्वतंत्रपणे लागू होते. इंग्लंडमध्ये १८४८ च्या टल्क विरुद्ध मॉक्सहे या निकालापासून हे तत्त्व रूढ झाले की, अशा बंधनाची माहिती असताना जमीन घेणाऱ्या पुढच्या मालकालाही ते पाळावे लागते. प्राधिकरणाने परवानगी दिली तरी असे खासगी बंधन संपत नाही.

प्रतिसाद – परीघरेषा

माझे काम व्यावसायिक जागांच्या सुरक्षेची आखणी करण्याचे आहे. वरील कायदेशीर विवेचनाला धरून मी तांत्रिक बाजू मांडतो, कारण या अर्जात सुरक्षेच्या दृष्टीनेच काही गोष्टी मला चुकीच्या वाटतात.

कुंपण चोराला कायमचे थांबवत नाही, ते त्याचा वेळ खाते. त्या वेळात कोणाचे तरी लक्ष गेले आणि कोणी तरी तेथे पोहोचले, तरच त्या वेळाचा उपयोग. म्हणून पहिला प्रश्न उंचीचा नसून दृष्टीचा आहे. सलग पत्र्याच्या आड गेलेला माणूस तळाच्या बाहेरून कोणालाही दिसत नाही. तो निवांतपणे टाकीतले डिझेल काढू शकतो. वास्तुरचनाकार ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या विचाराचा गाभाच असा होता की, जागेवर राहणाऱ्यांची सहज नजर पडेल अशी रचना गुन्ह्याला आळा घालते. तुमच्या ओळीतल्या खिडक्या या तळासाठी फुकटची टेहळणी आहेत आणि प्रस्तावित पत्रा नेमकी तीच बंद करतो. हा मुद्दा व्यवस्थापनापुढे अवश्य मांडा.

नजर आरपार जाईल आणि तरीही चढता येणार नाही अशी जाळी मिळते. ३५८ या नावाने ओळखली जाणारी वेल्डेड जाळी साधारण ७६ बाय १३ मिलिमीटरच्या छिद्रांची आणि सुमारे ४ मिलिमीटर जाड तारेची असते. छिद्र इतके अरुंद असते की, त्यात पायाचा पुढचा भाग अडकवता येत नाही, बोटांना पकड मिळत नाही आणि साधे कटर आत घालून तार तोडणेही कठीण जाते. चेनलिंकमध्ये या तिन्ही गोष्टी सोप्या असतात. २ किंवा २.४ मीटर उंचीची अशी जाळी माझ्या मते ३ मीटरच्या पातळ पत्र्यापेक्षा चांगले संरक्षण देते. पत्र्याला वाऱ्याचाही प्रश्न असतो. ताशी १४४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९८० न्यूटन, म्हणजे ढोबळ मानाने १०० किलो वजनाइतका येतो. सलग कुंपणाची उंची २ वरून ३ मीटर केली की खांबाच्या पायथ्याशी त्याला उलथवणारा जोर दीडपट नव्हे, तर सव्वादोनपट होतो, कारण तो उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. खांबांच्या पायाची गणिते अर्जासोबत जोडलेली आहेत का ते पाहा. पडले तर ते कुंपण तुमच्याच अंगणात पडेल.

एका बाबतीत मात्र सलग कुंपणाचा तुम्हाला फायदा आहे आणि तो लपवणे योग्य होणार नाही. जाळीने आवाज अडत नाही. फटी नसलेला आणि चौरस मीटरला किमान १० किलो वजनाचा अडथळा इंजिन आणि कान यांच्यामधली सरळ रेषा तोडत असेल, तर आवाज साधारण ५ डेसिबलने कमी होतो. पातळ पत्रा या वजनात बसतोच असे नाही. पहाटे वाहने सुरू होण्याचा त्रास तुम्हाला चोरांपेक्षा जास्त असेल, तर आरपार दिसणारे कुंपण हवे की आवाज अडवणारे, हे तुम्हालाच आधी आपसांत ठरवावे लागेल. दोन्ही हवे असेल तर वाहनांच्या रांगेलगत ठरावीक लांबीची जड भिंत आणि उरलेल्या हद्दीवर जाळी, अशी विभागणी करता येते.

आता विजेच्या तारांविषयी. मुख्य वीजपुरवठा थेट जोडलेली तार आणि झटका मशीनची तार यांत जीवन-मरणाचा फरक आहे. पहिली प्राणघातक आहे आणि तिला कोणत्याही परिस्थितीत मान्यता मिळू नये. दुसरीसाठी आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग) या संस्थेचे ६०३३५-२-७६ हे मानक आहे. त्यानुसार ५०० ओहमचा विद्युत रोध जोडून मोजल्यास एका स्पंदाची (विजेच्या एका क्षणिक झटक्याची) ऊर्जा ५ ज्यूलपेक्षा जास्त असू नये, स्पंद १० मिलिसेकंदांपेक्षा लांबू नये आणि दोन स्पंदांमध्ये किमान एक सेकंदाचे अंतर असावे. ते अंतर यासाठी की, झटका बसलेल्या माणसाला हात सोडवून मागे सरता यावे. याच मानकात सुरक्षा कुंपणासाठी अशी अपेक्षा आहे की, लोकांचा चुकून स्पर्श होऊ नये म्हणून तारांच्या बाहेर किमान १.५ मीटर उंचीचा भौतिक अडथळा असावा आणि धोक्याचे फलक १० मीटरपेक्षा जास्त अंतरावर नसावेत. हे सर्व पाळले गेले तर निरोगी प्रौढ माणसाला वेदना होते, इजा सहसा होत नाही. परंतु लहान मूल दोन कुंपणांच्या मधल्या फटीत अडकले आणि त्याला पुन्हा पुन्हा झटके बसत राहिले तर तो प्रसंग गंभीर असतो. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : घरांच्या हद्दीवर या तारा नकोत. त्या हव्याच असतील तर तळाच्या आत, माल साठवलेल्या भागाभोवती असाव्यात, आणि मानकाच्या अनुपालनाचा दाखला दरवर्षी सादर करण्याची अट असावी.

ब्लेडच्या वेटोळ्यांबद्दल मी थोडक्यात लिहितो. त्यांवर जाड कापड किंवा गादी टाकून सराईत चोर ओलांडून जातात, आणि चेंडू काढायला चढलेल्या मुलाचे हात मात्र फाटतात. घरांच्या बाजूला मी त्या कधीच सुचवत नाही.

शेवटचे म्हणजे प्रवेशद्वार. मागच्या हद्दीचे कुंपण कितीही भक्कम केले तरी फाटकाची कडी, बिजागऱ्या आणि फाटकाखालची फट तशीच राहिली तर चोर तिकडून येतो. अर्जात फाटकाचा उल्लेख आहे का?

प्रतिसाद – तळचालक

मी दुसऱ्या बाजूला आहे. माझाही वाहनांचा तळ आहे आणि त्याच्या दोन बाजूंना घरे आहेत. वर जे लिहिले आहे त्यातले बरेचसे मला पटते, पण तळाच्या चालकाला काय वाटते हेही तुमच्या निवेदनापूर्वी तुम्हाला कळावे म्हणून लिहितो.

माल गेला की त्याचे पैसे जातात, हे सर्वांना दिसते. न दिसणारी गोष्ट अशी की, रात्रपाळीला माणसे मिळेनाशी होतात. मारहाण झाल्यावर त्या पहारेकऱ्याच्या घरच्यांना काय सांगायचे, हा प्रश्न मालकाच्या डोक्यातून जात नाही. शिवाय विमा कंपनी पुढच्या वर्षाचा विमा करताना हद्दीच्या सुरक्षेचा आग्रह धरते. अशा वेळी माणूस जे जे मिळेल ते सर्व अर्जात घालतो, कारण सुनावणीत काहीतरी कापले जाणार हे त्याला ठाऊक असते. म्हणून त्या अर्जाकडे शेजाऱ्यांविषयीचा द्वेष म्हणून पाहू नका. केवळ शेजाऱ्याला त्रास देण्यासाठी उभारलेल्या कुंपणांचा प्रश्न जुना आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये दुष्ट हेतूने उभारलेल्या ६ फुटांपेक्षा उंच कुंपणाला उपद्रव ठरवणारा कायदा होता आणि तेथील न्यायालयाने तो १८८९ मध्ये वैध ठरवला. पण तुमच्या प्रकरणात तसा हेतू दिसत नाही, आणि निवेदनात तसा सूर आला तर बोलणी तेथेच संपतील.

आमच्याकडे शेवटी जो मार्ग निघाला तो असा : उंच कुंपण हद्दीवर न घेता आम्ही ते ३ मीटर आत घेतले. हद्दीवर नियमाप्रमाणे साधे कुंपण राहिले आणि मधल्या पट्ट्यात दाट झुडपे लावली. हद्दीपासून आत गेल्यामुळे तेवढ्या कडक मर्यादेतून आम्ही बाहेर पडलो आणि शिथिलतेची गरजच उरली नाही. घरांच्या खिडक्यांतून आता झुडपे दिसतात, त्यामागे जाळी आहे हे लक्षातही येत नाही. आम्हाला त्यासाठी वाहनांच्या काही जागा सोडाव्या लागल्या आणि ते आम्हाला जड गेले, हे मी नाकारत नाही. पण अनेक महिने चाललेल्या वादापेक्षा आणि अनिश्चित निकालापेक्षा ते स्वस्त पडले. तुमच्याकडच्या नियमावलीत हद्दीपासून किती अंतरावर कोणती उंची चालते ते पाहा. कुंपण कोठे उभे आहे हे ठरले, की ते किती उंच आहे यावरचा बराचसा ताण निघून जातो.

एक विनंती आहे. अग्निशमनाच्या गाडीला तळात फिरायला लागणारी जागा आणि वाहन वळवायची जागा सोडून किती आत सरकता येईल, हे तळाच्या व्यवस्थापनाकडूनच काढून घ्या. तुम्ही परस्पर आकडा ठरवून मागितलात आणि तो त्यांना शक्यच नसला, तर चांगली सूचनाही वाया जाईल.

प्रतिसाद – मागचे अंगण

पट्टा सोडण्याच्या उपायाला माझा सरसकट विरोध नाही, परंतु तो जितका सोपा वाटतो तितका नाही. आमच्या घरामागे असाच पट्टा आहे. दोन कुंपणांच्या मधली ती जागा तळाची आहे, पण तळातून तिकडे जायला वाट नाही आणि आमच्याकडून जाण्याचा आम्हाला अधिकार नाही. लावलेली झुडपे पहिल्या उन्हाळ्यात वाळली, नंतर तेथे कचरा साचला, आणि आता तोच पट्टा लपून बसायला सर्वांत सोयीची जागा झाला आहे. परवानगीत झुडपे लावावीत एवढेच लिहिले होते. ती जगवावीत असे लिहिले नव्हते.

त्यामुळे तुम्ही हा पर्याय मांडणार असाल तर पट्ट्याला तळाच्या बाजूने कुलूपबंद दार असावे, झाडांना पाणी देण्याची सोय नकाशात दाखवावी, वाळलेले झाड पुढच्या लागवडीच्या हंगामात बदलावे, आणि पट्ट्याच्या देखभालीला जबाबदार असलेल्या व्यक्तीचे पद परवानगीत लिहिलेले असावे, हे सगळे आधीच मागून घ्या. झुडपांची उंचीही ठरवा. जमिनीपासून साधारण पाऊण मीटरपर्यंतची झुडपे आणि त्यावर खोड मोकळे असलेली झाडे ठेवली तर मधून नजर जाते आणि लपायला आडोसा राहत नाही. पण मग घरांना हवी असलेली हिरवी भिंतही पूर्ण मिळत नाही, हे तळचालक यांच्या वर्णनाशी ताडून पाहा. पावसाचे पाणी कोठून जाणार हेही विचारा. दोन्ही कुंपणांच्या पायथ्याशी सलग काँक्रीटची पट्टी ओतली तर ते पाणी पट्ट्यात तुंबते आणि शेवटी खालच्या बाजूच्या घरात शिरते.

आणखी एक गोष्ट दिव्यांची. आमच्याकडे कुंपणाची परवानगी मिळाली तेव्हा फ्लडलाइटचा विषयच निघाला नाही, आणि आज कुंपणापेक्षा त्यांचाच त्रास अधिक आहे. रात्रभर शयनगृहाच्या भिंतीवर उजेड असतो.

हद्दीलगत (प्रश्नकर्ते)

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सूचनांनुसार अर्जाची पूर्ण प्रत मिळवली. तीन गोष्टी समोर आल्या आहेत.

चोर कोठून आले याची एकही नोंद अर्जात नाही. पोलीस तक्रारींच्या प्रती आहेत, परंतु त्यांत काय गेले एवढेच लिहिले आहे. फाटकाबद्दल अर्जात काहीही नाही, आणि फाटक रस्त्याकडे असून त्याखाली चांगली मोठी फट आहे, हे कोणालाही दिसेल असे आहे.

दुसरे म्हणजे, तळाची जमीन भराव टाकून वाढवलेली आहे. अधिकृत मोजणीच्या नकाशावरील पातळ्यांनुसार ती आमच्या अंगणांपेक्षा ०.७ मीटर उंच आहे. अर्जातली ३ मीटर उंची त्यांच्या बाजूच्या जमिनीपासून धरलेली आहे.

तिसरे, दिव्यांचा उल्लेख एका ओळीत आहे : "हद्दीवर पुरेशी प्रकाशव्यवस्था करण्यात येईल."

ज्या शेजाऱ्यांना उंच कुंपण हवे आहे त्यांच्याशीही बोललो. आरपार दिसणारी, न चढता येणारी जाळी आणि ती थोडी आत, हा विचार त्यांना मान्य आहे. आवाजाबद्दल फक्त दोन घरांची तक्रार आहे आणि ती दोन्ही वाहने उभी राहतात त्या कोपऱ्यासमोर आहेत. आता निवेदन सर्वांनी मिळून एक द्यावे की ज्याने त्याने वेगळे द्यावे?

प्रतिसाद – आराखडा

आपण मिळवलेल्या माहितीने प्रकरण बरेच स्पष्ट झाले. ०.७ मीटरचा भराव हा त्यांतला सर्वांत वजनदार मुद्दा आहे. तुमच्या अंगणातून ते कुंपण ३.७ मीटर उंच दिसेल, म्हणजे नियमातल्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. ऊन कुंपणाच्या मागून, काटकोनात येत असेल आणि सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल, तर सावलीची लांबी उंचीच्या १.७३ पट असते. २ मीटरच्या कुंपणाची सावली साधारण साडेतीन मीटर पडेल, ३.७ मीटरच्या कुंपणाची सुमारे ६.४ मीटर. तुमच्या घराची मागची भिंत हद्दीपासून किती अंतरावर आहे ते मोजून हा हिशेब नकाशावर काढून दाखवा. अंधार पडेल, कोंदट वाटेल, असे शब्द सुनावणी घेणाऱ्या समितीच्या सदस्यांच्या लक्षात राहत नाहीत. नकाशावर खिडकीपर्यंत पोहोचलेली रेषा राहते. भराव स्वतः अर्जदाराने टाकला असेल तर त्यातून आलेली अडचण त्याने स्वतःच निर्माण केलेली ठरते, आणि अशा अडचणीसाठी शिथिलता मागता येत नाही, हेही निवेदनात लिहा. भरावाची परवानगी कोणी आणि केव्हा घेतली हे कार्यालयीन नोंदीत सापडेल.

निवेदनाबद्दल : एकमत असलेल्या मुद्द्यांचे एक संयुक्त निवेदन द्या आणि ज्यांचा मुद्दा वेगळा आहे त्यांनी, म्हणजे आवाजाचा त्रास असलेल्या दोन घरांनी, स्वतंत्र जोडपत्र द्यावे. संयुक्त निवेदनात चोरीचा प्रश्न खरा आहे हे पहिल्याच परिच्छेदात मान्य करा. त्यानंतर मागणी अशी ठेवा : हद्दीवर २ मीटरच्या आतले कुंपण, तळाच्या आत, अग्निशमनाच्या वाटेला बाधा न येता शक्य तितक्या अंतरावर २.४ मीटरपर्यंत न चढता येणारी जाळी. घरांच्या बाजूला ब्लेडची तार आणि झटका मशीनच्या तारा नाहीत. वाहनांच्या कोपऱ्यापुरती आवाज अडवणारी भिंत, तिची उंची तुमच्या बाजूच्या जमिनीपासून मोजलेली. आणि फाटकाची दुरुस्ती याच परवानगीची अट. पट्ट्याबद्दल मागचे अंगण यांनी सुचवलेली प्रत्येक अट घ्या. दिव्यांसाठी "पुरेशी" हा शब्द काढून टाकायला लावा : प्रकाश खालच्या दिशेने, चारही बाजूंनी झाकलेला, ३००० केल्विन (प्रकाशाच्या रंगछटेचे माप) किंवा त्याहून उबदार, म्हणजे पिवळसर रंगाचा, आणि रात्री उशिरा फक्त हालचाल झाल्यास लागणारा असावा. सीसीटीव्हीचे कॅमेरे घरांच्या खिडक्या आणि अंगणे दाखवणार नाहीत, तेवढा भाग झाकलेला राहील, हीही अट हवी. परवानगी कायमची न देता ठरावीक मुदतीनंतर फेरतपासणीस बांधलेली असावी; अटी पाळल्या गेल्या नाहीत तर शेजाऱ्यांना पुन्हा नव्याने लढावे लागू नये म्हणून ही तरतूद अत्यंत उपयोगी ठरते.

सुनावणीपूर्वी व्यवस्थापनाला भेटा. तळचालक यांनी लिहिले आहे ते खरे आहे. कुंपण किती आत घेता येईल हे तुम्ही समोरासमोर ठरवून गेलात तर प्राधिकरण सहसा ती तडजोडच मंजूर करते. भेटीचे टिपण करून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

आणखी एक मागणी निवेदनाच्या शेवटी करा. स्वित्झर्लंडमध्ये बांधकामाची परवानगी देण्यापूर्वी प्रस्तावित इमारतीची उंची आणि कोपरे दाखवणारे खांब जागेवर उभे करावे लागतात, म्हणजे शेजाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना ती प्रत्यक्ष किती मोठी असेल ते कळते. अर्जदाराने सुनावणीच्या किमान आठवडाभर आधी हद्दीवर प्रस्तावित उंचीचे काही बांबू रोवून त्यांच्या माथ्यावरून दोरी ताणावी, आणि समितीच्या सदस्यांनी ती तुमच्या अंगणात उभे राहून पाहावी, अशी लेखी विनंती आजच पाठवा. सुनावणीची तारीख जवळ असेल तर याच कारणासाठी ती थोडी पुढे ढकलण्याची मागणीही त्याच पत्रात करता येईल.